चौथी ब ची वसाहत

इतिहास हा विषय मुलांना इजा होणार नाही अशा बेताने शिकवायचा असतो. हजार वर्षांपूर्वी कुणी कुणाच्या मानेवर कुऱ्हाड ठेवली, हे आठ ओळींत आणि दोन गुणांत समजलं की मुलाला पुढे आयुष्यभर त्रास होत नाही.

चौथी ब च्या इतिहासाच्या बाईंनी हे तत्त्व सतरा वर्षं निष्ठेने पाळलं होतं. व्हायकिंगांचा धडा त्या पस्तीस मिनिटांत हातावेगळा करत. उत्तरेकडच्या थंड मुलखातले दर्यावर्दी लोक, त्यांच्या लांबट होड्या, किनाऱ्यावरच्या मठांवर छापे, मग दूरच्या बेटांवर वसाहती. पाच प्रश्न, पाच उत्तरं, फळ्यावरून वहीत. सतरा वर्षांत सहाशे ऐंशी मुलांनी 'व्हायकिंग लोक धाडसी होते' असं लिहिलं. (एकाने 'ते असे का होते?' असंही खाली लिहिलं होतं. त्याचा अर्धा गुण कापण्यात आला.)

यंदा शिक्षण कार्यालयाकडून परिपत्रक आलं. यापुढे इतिहास अनुभवातून शिकवावा. व्हायकिंगांच्या धड्यासाठी नौकानयनाला पाच गुण, छाप्यांना पाच, वसाहतीला दहा. छाप्यात कुणाला दुखापत होऊ नये, लूट परत करण्याजोगी असावी, आणि मुलांना शिंगांची टोपी घालू नये, कारण खरे व्हायकिंग तसली घालत नसत. (परिपत्रकात इतिहासाविषयी एवढं एकच वाक्य होतं आणि ते बरोबर निघालं. बाईंना ही गोष्ट बरेच दिवस खटकत राहिली.)

बाई परिपत्रक घेऊन मुख्याध्यापिकांकडे गेल्या.

"यात नक्की करायचं काय?"

"लिहिलंय तसं करा. आणि फोटो काढायला विसरू नका."

बाईंनी लिहिलंय तसं केलं. वर्गातले वीस बाक दोन रांगांत लावले, चाळीस मुलं बसवली, प्रत्येकाच्या हातात वल्हं म्हणून पट्टी दिली. पंधरा मिनिटं वल्हवून घ्यायचं आणि पाच गुण देऊन मोकळं व्हायचं, असा त्यांचा हिशेब होता. पण सगळ्यांनी एकदम पाय रेटले तर बाक सरकतात, हा शोध दहाव्या मिनिटाला लागला. दुसऱ्या दिवशी जहाजं वर्गाच्या दारातून बाहेर पडून व्हरांड्यात पाण्याच्या नळापर्यंत पोचली. पुढे जिना होता. व्हायकिंग जमिनीवरून होड्या खांद्यावर घेऊन जात, हे बाईंनीच सांगितलेलं असल्यामुळे त्यांना काही बोलता येईना.

पाय एका तालात पडावेत म्हणून कुणीतरी मागून "हो... रेट, हो... रेट" असा खणखणीत आवाज देत होतं. तो आवाज बाईंना ओळखू येईना. वळून पाहिलं तर शेवटच्या बाकावरची चिमणी. ही मुलगी चार वर्षांत हजेरीच्या 'हजर'पलीकडे बोलली नव्हती. तिच्या प्रगतिपुस्तकात चार बाईंनी चार वेळा एकच शेरा लिहिला होता: 'शांत मुलगी. त्रास नाही.' चौथ्या वेळचं अक्षर आपलंच आहे, हे बाईंना आठवलं आणि त्या उगाचच चष्मा पुसत उभ्या राहिल्या.

छाप्यासाठी चिमणीने शिक्षकांची खोली निवडली. निवड शास्त्रशुद्ध होती. मठात जे जे असतं ते सगळं तिथे होतं: शांतता, जुने कागद, मौल्यवान वस्तू, आणि प्रतिकार करायची सवय नसलेली माणसं. लुटीची नोंद शिपाईमामांनी वहीत केली. गेल्या नऊ वर्षांत जप्त झालेले चेंडू बावीस, भोवरे सहा, शिट्टी एक, गणिताच्या सरांची चप्पल (डावी). दुखापत कुणालाही नाही. गणिताचे सर जागे झाले, पण ते दुखापतीत धरत नाहीत.

दुसऱ्या छाप्याच्या आधी मुख्याध्यापिकांनी चॉकलेटांचा डबा पुढे केला आणि मुलांना परत पाठवलं.

बाई म्हणाल्या, "पूर्वी काही राजांनी व्हायकिंगांना परत जावं म्हणून अशीच चांदी दिली होती. ते जास्त मागायला परत आले."

"ते राजे होते," मुख्याध्यापिका म्हणाल्या, "मी मुख्याध्यापिका आहे."

मुलं मधल्या सुट्टीनंतर परत आली.

आता वसाहत राहिली होती. शाळेला मैदान होतं, म्हणजे नकाशात होतं. पाच वर्षांपूर्वी त्याचा अर्धा भाग तात्पुरता गाड्या लावायला दिला होता, आणि उरलेला अर्धा त्या गाड्या वळवायला. सोमवारी पहिली गाडी यायच्या आत चौथी ब वीस बाकांसह तिथे उतरली. जागेचं नाव त्यांनी 'हिरवळ' ठेवलं. तिथे गवताचं पातं नव्हतं, पण बर्फाळ बेटाला हिरवं नाव दिलं की माणसं राहायला येतात, हे त्यांनी धड्यात वाचलं होतं. माणसं आली. मंगळवारी पाचवी आली, बुधवारी तिसरी. गुरुवारी लोकसंख्या दोनशे बारा होती.

रोज सकाळी सगळे गोल बसत. ज्याला बोलायचंय त्याने बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. अशा रीतीने तीन कायदे झाले: संघ पाडताना कुणालाही शेवटी निवडायचं नाही, रडलं तर चालेल, मोठ्यांना आत यायचं असेल तर त्यांनी विचारून यावं. शिपाईमामांनी विचारलं. त्यांना झाडाखालची जागा मिळाली.

बाई गुणपत्रक घेऊन कडेला उभ्या राहत. एका रकान्यात 'वसाहतीचा स्थानिक रहिवाशांवर झालेला परिणाम' असं होतं. तिथे त्यांनी लिहिलं, 'रहिवाशांना गाड्या दोन गल्ल्या पलीकडे लावाव्या लागतात.' मग त्यांनी चाळीसही मुलांना दहापैकी दहा दिले. असं त्यांच्या हातून पूर्वी कधी झालं नव्हतं, आणि घरी जाताना त्या चक्क गुणगुणत होत्या.

शुक्रवारी दुपारी शाळेच्या अध्यक्षांनी पालकांची सभा बोलावली.

"मुलांनी शिकावं याला आमचा विरोध नाही," अध्यक्ष म्हणाले. "पण गाडी लावायची कुठे?"

एक वडील म्हणाले की मुलगा आता घरी 'का' विचारतो, तेही पाहुण्यांसमोर. मग चिमणीची आई उठून म्हणाली, "आमची जेवताना बोलायला लागलीय. खूप बोलते."

"ही तक्रार म्हणून लिहून घेऊ का?" मुख्याध्यापिकांनी विचारलं.

आईला चटकन सांगता येईना. ते तक्रारींत धरण्यात आलं.

बाईंना बोलायचं होतं. त्यांनी हात वर केला आणि अध्यक्षांचं लक्ष जाण्याची वाट पाहिली. तेवढ्यात ठराव झाला, टाळ्या झाल्या, खुर्च्या सरकल्या. खोली रिकामी झाली तेव्हाही त्यांचा हात वरच होता. शिपाईमामा दारात येऊन हळूच म्हणाले, "बाई, कुलूप लावायचंय."

ठराव समंजस होता. धडा अभ्यासक्रमातलाच असल्यामुळे तो बदलता येणार नव्हता, फक्त मुलांची भूमिका बदलण्यात आली. मुलं आता व्हायकिंग नाहीत. मुलं मठातले साधू आहेत. साधूंनी मौन पाळायचं, मान खाली घालून जुन्या पोथ्यांची नक्कल करायची, आणि वरून काही सांगितलं जाईपर्यंत वाट पाहायची. शांततेला दहा गुण, नकलेला दहा.

निकाल उत्कृष्ट लागला. मैदानावर सध्या एकसष्ट गाड्या उभ्या राहतात. चिमणीचं अक्षर वर्गात सर्वांत सुबक आहे आणि तिच्या आईने जेवतानाची तक्रार मागे घेतली आहे, कारण तशी ती उरलेली नाही. कार्यालयाने ही पद्धत सर्व शाळांना लागू करायचं ठरवलं असून, ती मोठ्या वयाच्या माणसांवरही चालते का, याची पाहणी सुरू आहे. आपण इथवर मान खाली घालून, ओठ न हलवता, मध्ये एकदाही न बोलता वाचत आलात, याची नोंद झाली आहे. आपल्याला वीसपैकी वीस.