मांडवातली सुई

ज्या वर्षी टिकारामच्या धाकट्या मुलीचं लग्न झालं आणि वऱ्हाडाची एक बंडी तलावाच्या पाळीवरून घसरून हळूच चिखलात जाऊन बसली, ते एकोणीसशे त्र्याऐंशी साल. लग्नाला आठवडा झाला तरी अंगणातला मांडव उतरवला नव्हता. वरच्या जांभळीच्या डहाळ्या वाळून कुरकुरीत झाल्या होत्या, पण सावली अजून पडत होती. चैतात पडती सावली कोणी मोडत नाही.

त्या सावलीवर नर्स सुलोचनाबाईंची नजर गेली. महिन्यातून एकदा त्या लाखनीच्या एस.टी.नं बर्फाचा डबा घेऊन गावात येत आणि ग्रामपंचायतीच्या पत्र्याच्या खोलीत लेकरांना सुया देत. मागे एकदा पत्रा तापला, लेकरांनी रडून गाव डोक्यावर घेतलं, रात्री दोघा-चौघांना ताप आला आणि तेव्हापासून बायका नर्सबाई दिसली की दार लावून घेऊ लागल्या.

"टिकारामजी, या खेपेले तुमच्या मांडवात सुया देऊ का?" सुलोचनाबाईंनी विचारलं. "अन् तुमची मांडी बी पाहिजे."

टिकारामची मांडी साऱ्या गावाला ठाऊक होती. कसंही हट्टी लेकरू त्या मांडीवर ठेवा, चार श्वासांत झोपायचं. टिकाराम गात नसे, थोपटत नसे. नुसता "हं... हं..." करी, आणि पुष्कळदा लेकराच्या आधी स्वतःच पेंगू लागे.

"मांडीचं काय, घेऊन टाका," तो म्हणाला. मग इकडेतिकडे पाहून त्यानं आवाज खाली आणला. "पण माह्या शेवंतालेबी एक सुई मारजा. सुनेले मात्र सांगजा नोका."

शेवंता म्हणजे त्याची चार महिन्यांची नात. तिच्या आधीचा नातू दोन वर्षांपूर्वी डांग्या खोकल्यानं गेला होता. त्या खोकल्याची ओढ टिकारामच्या कानात अजून बसलेली होती. त्या वेळी नर्सबाईला त्यानंच दारातून परत पाठवलं होतं. आता अक्कल आली होती, पण सांगणार कोणाला? बायको वारलेली, मुलगा इश्वर भंडाऱ्याला कामाला. घरात उरली सून रत्नाबाई, आणि सून-सासऱ्यानं समोरासमोर बोलायची त्या घरात रीत नव्हती. रत्नाबाईला काही सांगायचं असलं की ती गोठ्यातल्या म्हशीला सांगे. "काय गा, आज भाजीले तेल नाही," असं म्हशीला ऐकवलं की ओसरीवरचा टिकाराम मुकाट्यानं दुकानाकडे निघे. म्हैस मध्ये असल्यामुळे घर सुरळीत चाललं होतं. पण सुईसारखी नाजूक गोष्ट म्हशीच्या कानावर घालावी, असं दोघांनाही कधी वाटलं नाही. मागच्या महिन्यात नर्सबाई येताच रत्नाबाईनं शेवंताला उचलून दार लावलेलं टिकारामनं ओसरीवरून पाहिलं होतं. सून सुईच्या विरुद्ध आहे, हे त्यानं तेव्हाच ओळखलं.

आणि आज संध्याकाळच्या एस.टी.नं सून दोन महिन्यांसाठी माहेरी निघाली होती. जे करायचं ते तिची पेटी भरून होईपर्यंत.

टिकारामची विनंती ऐकून सुलोचनाबाईंच्या तोंडावर काहीतरी येऊन गेलं. त्यांना एकदम खोकला आला. "पाहू," एवढंच त्या म्हणाल्या.

दुपारी मांडव भरला. पहाटेपासून मोहफुलं वेचून आलेल्या बाया लेकरं घेऊन तणसाच्या गाद्यांवर टेकल्या. त्यांच्या लुगड्यांना मोहाचा वास होता, आणि त्या वासानं सगळं अंगणच जडावलं. खांबाला बांधलेलं वासरूसुद्धा उभ्या-उभ्या डुलत होतं. एकेक लेकरू टिकारामच्या मांडीवर यायचं, निजायचं. सुलोचनाबाई उकळलेली नवी सुई लावायच्या, मांडीत टोचायच्या. लेकरू झोपेतच ओठ काढायचं, पुन्हा निजायचं. मग पायाच्या तळव्याला निळ्या दवाईचा एक ठिपका. टोचलेल्याची ती खूण.

"नावं मी शेवटी लिहीन," सुलोचनाबाई म्हणाल्या. "ठिपका पुसू नका, बाई."

टिकारामनं शेवंताला दोनदा पुढं सरकवलं. दोन्ही वेळा सुलोचनाबाईंनी तिच्या शेजारचं लेकरू उचललं.

"इले काहून सोडता?"

"तिची घाई नाही."

"एस.टी.ची तं घाई हाये ना!"

पण तेवढ्यात सुया संपल्या. सुलोचनाबाई त्या उकळायला मागच्या पडवीत स्टोव्हकडे गेल्या. स्टोव्हचा घर्रर्र आवाज दूरच्या पावसासारखा येत राहिला. बाया एकमेकींच्या खांद्यावर कलंडल्या. टिकाराम "हं... हं..." करता करता तलावाच्या काठी पोचला. पाण्यावर कमळाच्या पानांऐवजी लेकरंच लेकरं तरंगत होती, पालथी, उताणी, मुठी चोखत, आणि एकालाही खोकला नव्हता.

अशा वेळी शकुनबाई आल्या.

शकुनबाई गावातल्या सगळ्यांत जुन्या. लग्न असो, ओटी असो, हळदीकुंकवाचा करंडा त्यांच्याच हाती. मांडवात बसलेल्या एका जरी बाईला कुंकू लागायचं राहिलं तर त्या घराचा मान गेला, असं त्या मानत. त्यांनी मांडवात पाहिलं. काही लेकरांच्या पायाला ठिपका, काहींचे पाय कोरडे. सुलोचनाबाईंनी सांगितलं तेव्हा त्या तिथं नव्हत्या.

"आता पाहा," त्या स्वतःशीच बोलल्या. "मांडव टिकारामाचा, अन् मान अर्ध्याइलेच! नर्सबाई शिकेल हाये, पण रीत कोण शिकवन?"

त्यांनी निळी दवाई उचलली. उरलेल्या सगळ्या लेकरांचे तळवे रंगवले. लेकरांना लावलं तर त्यांच्या मायांना का नको, म्हणून झोपलेल्या बायांच्या कपाळावर एकेक ठिपका टेकवला. घरधनी म्हणून टिकारामला जरा मोठा. वासरू जागंच होतं आणि आपल्याकडे पाहत होतं, म्हणून त्यालाही.

सुलोचनाबाई सुया घेऊन परत आल्या आणि दारातच थबकल्या. सगळे पाय निळे. सगळी कपाळं निळी.

"आजीबाई, हे काय केलं हो?"

"राहिलेल्याइले लावलं. तू काही म्हणू नोको, तुलेबी लावतो. ये."

"अहो, ती टोचल्याची खूण होती! आता कोण टोचलेला अन् कोण राहिलेला, कसं समजावं?"

त्या ओरडण्यानं बाया जाग्या झाल्या. एकमेकींची कपाळं पाहून आधी हसल्या, मग प्रकार कळताच घाबरल्या.

"माह्या पोट्ट्याले दोनदा टोचान तं पाहा!" शकुंतलाबाई नावाच्या एका तरुण बाईनं लेकरू छातीशी धरलं.

"पन टोचलं का नाही, ते तं सांग," शेजारीण म्हणाली.

"मले का मालूम! मी झोपली होतो."

"म्हंजे तू बी टिकारामाच्या मांडीवर होती का?"

मांडव हसला, पण दोघी-तिघी लेकरं उचलून निघाल्याच. आता या गेल्या तर पुन्हा कधी येणार नाहीत, हे सुलोचनाबाईंना कळलं. टिकारामनं डोळे चोळत सगळं ऐकलं. या गोंधळात शेवंताची सुई बुडणार, हे त्यालाही कळलं.

"बसा गा सगळ्या," तो म्हणाला. "लेकरं आना इकडं. निजवतो पुन्हा."

सुलोचनाबाईंनी एकेका झोपलेल्या लेकराच्या मांडीवर अलगद बोट फिरवलं. टोचलेली जागा गरम आणि घट्ट लागे, वर बारीक लाल टिंब दिसे, आणि तिथं दाबलं की लेकरू झोपेत ओठ काढी. ज्याचे ओठ हलत ते बाजूला होई. ज्याचे हलत नसत आणि ज्याची मांडी मऊ असे, त्याला नवी सुई. शकुंतलाबाईचं पोट्टं राहिलेलं निघालं. टोचताना तिनंच डोळे मिटले.

सावल्या लांबल्या. तपासायची शेवंता तेवढी उरली.

"आता हिले," टिकाराम म्हणाला.

"हिचं राहू द्या."

"काहून राहू द्या? दाबून पाहा ना!" त्यानं स्वतःच तिची मांडी दाबून पाहिली. धानाच्या बांधीत चाळीस वर्षं राबलेल्या त्या बोटांना गरम-घट्ट काही कळेना. शेवंता आजोबावर गेली होती. तिनं ओठसुद्धा हलवला नाही. "हे पाहा! कोरीच हाये पोट्टी! नर्सबाई, पाया पडतो तुमच्या. एक गेला माह्या हातानं. हे तरी..."

दूर वळणावर एस.टी.चा भोंगा वाजला.

सुलोचनाबाईंच्या गळ्यात दोन शपथा अडकल्या होत्या, एक सकाळची आणि एक दुपारची. ओसरीच्या दारात रत्नाबाई पेटी घेऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं सवयीनं गोठ्याकडे पाहिलं. म्हैस चरायला गेली होती.

मग ती एकदम बोलली.

"मामाजी, टोचलं हो पोरीले! सकाळीच टोचलं. नर्सबाई पंचायतीच्या खोलीत सुया उकळून राहिल्या होत्या, तवाच पदराखाली नेली होती मी. तुम्ही रागावान म्हनून मागल्या खेपेले दार लावलं, अन् आज तुमाले सांगू नोका म्हनलं होतं त्याइले."

लग्न होऊन सहा वर्षांत सून सासऱ्याशी पहिल्यांदा बोलली होती, आणि तेही एवढ्या बायांसमोर. टिकारामच्या हातात शेवंता होती, कपाळावर निळा ठिपका होता, आणि वर पाहायची त्याची हिंमत नव्हती. तो नातीच्या कानाशी वाकला.

"सांग गा, तुह्या मायले," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "म्हनाव, आज्याले राग नाही. आजा बी तेच चोरून करून राहिला होता."

सुलोचनाबाई मटकन तणसावर बसल्या आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या.

एस.टी. थांबली. कंडक्टरनं पोचवायला आलेल्या निळ्या कपाळांच्या बायांकडे, टिकारामकडे आणि मागोमाग आलेल्या वासराकडे पाहिलं. "कोन्या देवाची जत्रा हाये, बाबाजी?"

"उतर खाली," शकुनबाई म्हणाल्या. "तुह्यं राहिलं."

रत्नाबाई माहेरून परतली त्या पावसाळ्यात शेवंताच्या उरलेल्या दोन सुया झाल्या. शकुनबाई शहाऐंशीच्या दिवाळीनंतर वारल्या. टिकाराम एकोणीसशे एकोणनव्वदच्या माघ महिन्यात वारला.