चौदावं पान कुणी नेलं?

परतूरच्या बाजारात लोक मला जिनेंद्र कापडवाला म्हणतात. हे अर्धसत्य आहे. कापड मी पोटासाठी विकतो. जन्म माझा गुन्हे शोधायलाच झालाय. गरुडाची नजर, मुंगीचं नाक आणि गोगलगाईचा संयम एकाच माणसात क्वचित भेटतो. माझी बायको एकता म्हणते, यातलं गोगलगाईचं तेवढं बराबर आहे. धागेदोरे सापडत नाहीत म्हणून बाकीचे रडतात. माझ्या दुकानात ते मीटरवर मिळतात.

त्या दुपारी परकर मागणाऱ्या गिऱ्हाइकाला मी टॉवेल दाखवून राह्यलो होतो. दुसऱ्या दिवशी आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, त्यामुळं डोकं ठिकाणावर नव्हतं. तेवढ्यात माझा मुलगा श्रेयांस धापा टाकत आला.

"पप्पा, दादीच्या पुस्तकातलं पान चोरीला गेलं!"

टॉवेल खांद्यावर टाकून मी घराकडं धावलो.

माझी आई राजकुमारी म्हणजे सगळ्या गल्लीची दादी. रोज दुपारी पोरं गोळा करून ती पुस्तक वाचते. वाघ आला की आवाज जाड, ससा आला की बारीक. आधी प्रत्येकाच्या हातावर मोरावळ्याची फोड, मंग गोष्ट. चित्र आलं की पुस्तक सगळ्या हातांतून फिरून परत येतं. उद्या ऑपरेशनला जालन्याला गेल्यावर काही आठवडे वाचन बंद, म्हणून हरवलेल्या उंटाच्या पिल्लाची गोष्ट आजच संपवायची होती.

"तेराव्या पानावर पिल्लू बाभळीखाली रडून राह्यलंय," आई म्हणाली, "आणि पान उलटलं की एकदम सोळावं! तिथं सगळे खाऊन-पिऊन झोपलेले. मंग त्याला आई भेटली कशी?"

कोपऱ्यात अक्षता मुसमुसत होती. ही समोरच्या भजीवाल्या कचरूची धाकटी. "भेटलीच न्हाई तर?" तिनं विचारलं.

मी पुस्तक उचलून थेट कपाटावर ठेवलं. "पुराव्याला कुणी हात लावायचा न्हाई!"

पहिला संशय कचरूवर. भजी बांधायला कागद कुणाला लागतो? मी समोर जाऊन मिरचीची भजी मागवली, पुरावा खाल्ला आणि कागद उलगडला.

"शेठ, हे निवडणुकीचं पत्रक हाये," कचरू म्हणाला. "उंट कुठून येईल यात?"

"उमेदवाराची निशाणी उंट असू शकते."

"निशाणी कुकर हाये."

दुसरा संशय उंदरावर. पलंगाखाली तो मला समोरासमोर भेटलाही. पण आम्ही पडलो जैन; त्याला हात कसा लावणार? तोंडी समज देऊन सोडलं.

तिसरा संशय मात्र घरातच निघाला. स्वयंपाकघराच्या फळ्यांवर कागद कोण अंथरतं? एकता! मी सगळे डबे खाली उतरवून एकेक कागद तपासला. सगळी वर्तमानपत्रं.

"अहो, हे डबे परत जागेवर कोण लावणार?" एकतानं विचारलं.

"जो गुन्हेगार असेल तो."

"मंग लावा."

मी डबे लावून राह्यलो होतो, तेव्हा आईनं कपाटावरचं पुस्तक काढलं. पुराव्याबद्दल तिला बिलकुल आदर नाही. अक्षता तिला खेटून बसली आणि तेरावं पान दोन बोटांत धरून म्हणाली, "दादी, हे पान बघ ना. भाकरीसारखं जाड हाये."

आईनं पान चोळलं, उजेडात धरलं, वास घेतला. "अगं बाई! दोन पानं चिकटलीत. मोरावळ्याचा पाक!"

"माझाही संशय तिकडंच चालला होता," मी स्वयंपाकघरातून ओरडलो.

"चौदावं पान तेराव्याच्या पाठीलाच असतंय," एकता म्हणाली. "चोर नुसती पाठ कशी नेईल?"

"सराईत असेल."

"तो मोठा डबा वरच्या फळीवर."

चहाच्या वाफेवर पानं धरून आईनं ती जल्दी न करता सोडवली. पोरं तिच्याभोवती सरकली. मीही एक डबा हातात घेऊन येऊन बसलो. आईनं डोळे बारीक करून वाचलं, "लांबून घुंगरांचा आवाज आला. उंटीण धावत आली. तिनं पिल्लाला चाटलं आणि ती म्हणाली..."

आई थांबली. पुढची ओळ पाकाबरोबर सोलून निघाली होती. दोन्ही पानांवर नुसता पांढरा ओरखडा.

अक्षता परत मुसमुसायला लागली. आईनं पोरांकडं बघितलं. "काय म्हणाली असंल रे?"

"कुठं गेल्तास?" एक ओरडला.

"किती शोधलं तुला!"

"आता एकट्यानं बाहेर जायचं न्हाई," श्रेयांस म्हणाला.

"आधी ओळख पटवली पाहिजे," मी म्हणालो. "सारखी दिसणारी पिल्लं लई असतात." माझ्याकडं कुणी बघितलंही नाही.

"जेवलास का, असं म्हणाली," अक्षता ठामपणे बोलली. त्यावरून पोरांची जुंपली. शेवटी तिनं आईचा पदर ओढला. "दादी, खरं काय म्हणाली?"

"सगळंच म्हणाली, बेटा. आई कधी एक वाक्य बोलून थांबती का?"

अक्षतानं जरा विचार केला. "मंग पिल्लू काय म्हणालं?"

"त्याला बोलू दिलं तर ना!" आई म्हणाली, आणि तिनं पान उलटलं.