स्वल्पविरामासकट बटाटे

रविवारी लेक जेवायला येणार आणि काकांचा आवाज शनिवारी संध्याकाळीच बसला. एरवी आवाज बसला तर माणूस मिठाच्या गुळण्या करतो आणि गप्प पडून राहतो. काकांच्या मात्र तोंडचं पाणी पळालं, कारण आवाजाशिवाय त्यांना स्वयंपाक करता येत नव्हता.

काका जन्मभर छापखान्यात मुद्रितशोधक होते. जिन्यातल्या सूचनाफलकावरच्या चुकाही ते खिशातल्या पेन्सिलीने दुरुस्त करत, म्हणून इमारतीत त्यांना कानामात्राकाका हे नाव पडलं होतं. काकू त्याच छापखान्यात वाचक होत्या. म्हणजे त्या लेखकाचं हस्तलिखित मोठ्याने वाचायच्या आणि समोर बसलेले काका छापलेल्या कागदावर नजर फिरवायचे. अशा वाचनात काहीही गाळायचं नसतं. स्वल्पविराम आला की 'स्वल्पविराम' म्हणायचं, अवतरण सुरू झालं की तसं सांगायचं, परिच्छेद बदलला की तेही. दोघांचं लग्न याच वाचनातून जमलं. घरी मात्र कामांची अदलाबदल झाली. काकू स्वयंपाक करायच्या आणि काका ओट्याशेजारी स्टुलावर बसून त्यांना कादंबऱ्या वाचून दाखवायचे, सगळ्या विरामचिन्हांसकट. त्या स्वयंपाकघरात घड्याळ कधी लागलंच नाही. काय किती वाचनात शिजतं हे काकूंना तोंडपाठ होतं.

काकू गेल्या आणि काका पाव आणि केळ्यांवर आले. भूक म्हणून खायचं, इतकंच. एकदा त्यांनी असंच, करायला दुसरं काही नव्हतं म्हणून, बटाटे उकडायला ठेवले आणि सवयीने स्टुलावर बसून काकूंची आवडती कादंबरी मोठ्याने वाचायला घेतली. ती होती एका होडीवाल्याची. तिसरं प्रकरण संपलं, काकांनी झाकण काढलं, तर बटाटे तडकून हसत होते. वर लोणी, मीठ, मिरपूड. एवढ्या साध्या गोष्टीत एवढी चव असते हे काकांना उतारवयात कळलं. ते इतके खूश झाले की "अगं, हे बघ," असं म्हणून वळले. मग बराच वेळ तसेच उभे राहिले. बटाटे गार झाले, पण त्यांनी ते संपवले.

त्यानंतर शोधांची रांगच लागली. न्हाव्याच्या फजितीची गोष्ट वाचून होईपर्यंत अंडं घट्ट उकडतं. प्रवासवर्णनाच्या दोन पानांत कांदा लोण्यात तांबूस होतो आणि शिळ्या पावावर घातला तर पाव शिळा आहे हे कोणी शपथेवर सांगितलं तरी पटत नाही. चरित्रग्रंथांवर मात्र काही करू नये, ते फार लांबतात आणि भांडं करपतं.

लेक हे ऐकून हसली नाही. ती दुसऱ्या गावी औषधांच्या कारखान्यात तपासणीस होती. ज्या गोळ्या नीट विरघळत नाहीत त्या फेकून द्यायच्या, हे तिचं काम.

"बाबा, तुम्ही एकटे राहताय म्हणून माझा जीव टांगणीला लागलाय," ती फोनवर म्हणाली होती. "रविवारी येते. माझ्यासमोर नीट जेवण करून वाढा. जमलं तर राहा तिथेच. नाही जमलं तर बॅग भरायची आणि माझ्याबरोबर निघायचं. कबूल?"

"कबूल," काका म्हणाले. त्यांना हे घर सोडायचं नव्हतं. काकू जर कुठे असतीलच, तर त्या याच ओट्यापाशी असणार, असं त्यांना मनातून वाटे. म्हणून शनिवारी त्यांनी सगळ्या जेवणाची रंगीत तालीम केली. एकदा समाधान झालं नाही म्हणून पुन्हा केली. दुसऱ्या तालमीत होडीवाला नदीच्या मध्यावर असताना घसा जो बसला तो बसलाच.

रविवारी सकाळी काका खालच्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिकाबाईंकडे गेले आणि खाणाखुणा करून त्यांना वर घेऊन आले. बाईंनी चष्मा पुसला, न्हाव्याची गोष्ट हातात घेतली. काकांनी अंडी गॅसवर ठेवली.

"'न्हावी दाराशी थबकला,'" बाईंनी वाचलं आणि पुस्तक मिटलं. "का बरं थबकला असेल?"

काकांनी घशाकडे बोट दाखवलं.

"घाई नाही. विचार करून सांगा."

काका पुस्तकाकडे, अंड्यांकडे आणि परत बाईंकडे हात करत राहिले. बाईंनी आयुष्यभर मठ्ठ मुलं पाहिली होती, त्या शांतपणे उत्तराची वाट पाहत बसल्या. न्हावी दारातच उभा, भांड्यातलं पाणी आटलेलं आणि पाठोपाठ फट्कन आवाज होऊन एक अंडं छताला चिकटलं. दुसरं खिडकीच्या पडद्यावर गेलं. नेमकी त्याच वेळी दाराची घंटी वाजली.

लेकीने आत येऊन छताकडे पाहिलं. "हे काय आहे?"

"वर्गात लक्ष नसलं की असं होतं," असं म्हणून शिक्षिकाबाई खाली निघून गेल्या.

लेकीच्या हातात रिकामी बॅग होती. ती तिने मुद्दाम नजरेसमोर ठेवली. पण बापाचा उतरलेला चेहरा पाहून तिला भरून आलं. "बरं, बटाटे तर राहिलेत ना? ठेवा. मी वाचते."

काकांनी बटाटे ठेवून तिसरं प्रकरण काढून दिलं आणि लेक वाचायला लागली. औषधाच्या डबीतला कागद वाचावा तशी ती वाचत होती. ना थांबणं, ना श्वास. नदीचं वर्णन आलं की "हे नुसतं वर्णन आहे" म्हणून पान उलटायची. काकांनी डावाने ओट्यावर टकटक केली. तिला वाटलं, बाबांना आवडतंय. तिने वेग आणखी वाढवला.

प्रकरण संपलं. काकांनी भांडं उतरवलं. भांड्यात डोकावायला हवं होतं, पण तिसरं प्रकरण संपलं म्हणजे बटाटे शिजले. त्यावर शंका घेणं म्हणजे काकूंवर शंका घेणं. त्यांनी दोन ताटल्या सजवल्या, लोणी घातलं. लेकीने काट्याने टोचलं, तर बटाटा ताटलीतून निसटला आणि टणटण उड्या मारत कपाटाखाली गेला.

"बाबा, हे कच्चे आहेत."

काकांनी आपल्या ताटलीतला बटाटा टोचून पाहिला.

"घड्याळ का लावत नाही हो? बाजारात ढिगाने मिळतात."

"लावून पाहिलं," काका घोगऱ्या आवाजात कसेबसे म्हणाले. "बटाटा शिजतो. पण घर गप्प होतं."

लेकीने बॅगेकडे पाहिलं नाही.

"आणि हे तुझ्यामुळे कच्चे राहिले," काका कुजबुजले. "तू विरामचिन्हं खाल्लीस."

"विरामचिन्हांनी बटाटा शिजतो का बाबा?"

"तुझी आई शिजवायची."

लेकीला हसू फुटलं. "आई मला रागावतानासुद्धा शेवटी 'उद्गारचिन्ह' म्हणायची. मैत्रिणी पळून जायच्या." हसता हसता तिचे डोळे भरून आले. मग तिच्यातली तपासणीस जागी झाली. तपासणाऱ्याचीच चूक असेल तर तपासणी बाद, हा तिच्या कारखान्याचा नियम होता. तिने बटाटे परत भांड्यात टाकले, कपाटाखालचासुद्धा धुऊन टाकला, आणि पुस्तक उघडलं.

"होडीवाल्याने वल्हं बाजूला ठेवलं, स्वल्पविराम, नदीकडे पाहिलं, स्वल्पविराम, आणि म्हणाला, स्वल्पविराम, दुहेरी अवतरण सुरू, आज ती यायची नाही, पूर्णविराम, अवतरण बंद."

काका ओट्याला टेकून उभे होते. छापखान्यात प्रत्येक ओळीला ते "हं" म्हणायचे, पुढे वाच या अर्थाने. तसं ते आपसूक "हं" म्हणाले. लेक वाचत गेली. तिचा आवाज हुबेहूब आईसारखा होता, फक्त हे आजवर कोणी तपासून पाहिलं नव्हतं. नदीचं वर्णन तिने एक शब्दही न गाळता वाचलं. मध्येच तिचा आवाज अडकायचा, ती नाक पुसायची आणि पुढे वाचायची. या सगळ्यात वेळ गेला आणि बटाट्यांचा पार लगदा झाला. दोघांनी तो लोणी घालून चमच्याने खाल्ला, भांडंसुद्धा खरवडलं.

"छान झालंय," लेक म्हणाली. "तुम्ही पास. राहा इथे. मी बॅग तशीच घेऊन जाते."

काका हात धुऊन आले.

"नापास होऊन आलो असतो तर तुझ्याकडे मान वर करून जेवलो नसतो," ते म्हणाले. "आता पास झालोय. आता येतो."

"बाबा? पण तुम्हाला तर इथेच राहायचं होतं."

"राहायचं होतं. मला वाटायचं, मी वाचतो ते ती ऐकतेय." त्यांचा आवाज पुन्हा चिरकला, पण त्यांनी रेटून वाक्य पूर्ण केलं. "आज कोणीतरी खरंच होतं घरात. तेव्हा कळलं की रोज कोणी नसतं."

लेकीने त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि ती मोकळेपणी रडली. काकांनी तिला थोपटलं. मग बॅग उघडून दोन सदरे ठेवले, आणि उरलेल्या जागेकडे पाहत ते पुस्तकांच्या कपाटासमोर जाऊन उभे राहिले. होडीवाल्याची कादंबरी त्यांनी हातात घेतली.

"तुझ्याकडे गॅस कसला आहे?" त्यांनी विचारलं.

"गॅस नाही बाबा. विजेची शेगडी आहे. फार भरभर शिजतं तिच्यावर."

काकांनी थोडा विचार केला. कादंबरीवरून एकदा हात फिरवला आणि ती जागच्या जागी ठेवून दिली.

"मग लघुकथा घेतो," ते म्हणाले.