साडेसात फुटांची बाई

चित्र पूर्ण झालं, रंग वाळले आणि मग घरातल्यांच्या लक्षात आलं की ते दारातून बाहेर निघणार नाही.

चित्र साडेसात फूट उंच आणि साडेसात फूट रुंद. दार साडेसहा फूट. बाईंच्या नवऱ्याने टेप लावून तीनदा मोजलं. तिन्ही वेळा दार तेवढंच भरलं.

बाई शाळेत चित्रकला शिकवून नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. तीस वर्षं त्यांनी दोन जेवणांच्या मधल्या वेळात जेवणाच्या टेबलावर चित्रं काढली, त्यामुळे चित्रंही टेबलाच्या मापाची. कलादालनाकडून दर वर्षी तेच उत्तर यायचं, "काम चांगलं आहे, पण छोटेखानी आहे." यंदा तिथे स्त्री चित्रकारांचं प्रदर्शन ठरलं आणि संचालकांनी स्वतः फोन केला, "मॅडम, काहीतरी भव्य द्या."

बाईंनी भव्य दिलं. खुर्चीत बसल्या बसल्या डोळा लागलेली एक बाई, तोंड किंचित उघडं, एक चप्पल पायातून निसटलेली. त्याचा फोटो निमंत्रणपत्रिकेवर छापूनही आला होता. उद्घाटन आजच, संध्याकाळी पाचला.

चित्रासाठी प्लायवूडच्या फळ्या जोडून देणाऱ्या सुतारालाच पुन्हा बोलावलं.

"जोडताना दाराकडे बघितलं नाहीत?" नवऱ्याने विचारलं.

"काका, मला फळ्या जोडायला सांगितल्या होत्या. बाहेर न्यायच्यात हे कुणी सांगितलं?"

"मग सोडवा आता."

"मी जोडलेलं सुटत नाही," सुतार छाती काढून म्हणाला. मग जरा नरमला. "मधोमध कापून बिजागऱ्या लावू का? पुस्तकासारखं मिटेल."

"कुठून कापणार?" बाईंनी विचारलं.

सुताराने चित्र नीट न्याहाळलं. "नाकावरून."

बाई भांडल्या नाहीत. "चहा टाकते," एवढं म्हणून आत गेल्या. आतून भांड्याचा आवाज येईना, तसा नवरा अस्वस्थ झाला.

"दार काढा," तो म्हणाला.

आधी दार निघालं, मग वरची झडप, मग चौकट आणि चौकटीबरोबर बरंचसं प्लास्टर. वरच्या मजल्यावरच्या काकू धावत खाली आल्या. "भिंत पडली का हो?"

"नाही, चित्र बाहेर चाललंय," नवरा धूळ झटकत म्हणाला.

चित्र एकदाचं टेम्पोत चढलं. मागे वळून पाहिलं, तर घराला भलंमोठं भगदाड. आता घर उघडं टाकून जायचं कसं?

"तुला पहिल्यांदा बोलावलंय," नवरा म्हणाला. अंगात नवा शर्ट होता, त्यावर चुना. "आणि मी इथे दाराच्या जागी बसू?"

"अहो, तीस वर्षं मी बसले. तुम्ही एक संध्याकाळ बसा." बाई रागावल्या नव्हत्या. रागवायलाही जोर लागतो, तो सकाळीच संपला होता.

कलादालनात संचालकांनी टेम्पो पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. "एवढं?"

"भव्य म्हणाला होतात."

"हो, पण... महिलांचं प्रदर्शन वरच्या खोलीत आहे."

वरची खोली म्हणजे पूर्वी खुर्च्या ठेवायची जागा. तिथे जायला गोल वळणारा लोखंडी जिना. चार माणसांनी चित्र उभं धरलं, आडवं धरलं, तिरकं करून पाहिलं. तिसऱ्या पायरीवर सगळ्यांनी हात टेकले. साडेचार वाजले होते.

"बाहेर अंगणात ठेवू?" संचालकांनी विचारलं.

"पत्रिकेवर छापलेलं चित्र अंगणात?" सुतार मध्येच बोलला. तो उगाच बरोबर आला होता; आता मात्र त्याला राहवेना.

उरला खालचा मुख्य हॉल. तिथे एका ज्येष्ठ चित्रकारांचं स्वतंत्र प्रदर्शन. समोरच्या मोठ्या भिंतीवर त्यांची सात चित्रं. संचालकांनी घाम पुसला आणि सातही उतरवायला लावली. ती मात्र गोल जिन्यावरून वर सहज गेली.

पाच वाजता पाहुणे आले आणि थेट झोपलेल्या बाईसमोर येऊन थबकले. कुणी मोठ्याने बोलेना, जणू ती जागी होईल. ज्येष्ठ चित्रकार आपली चित्रं शोधत वर जाऊन आले आणि धापा टाकत बाईंपाशी उभे राहिले.

"मला या हॉलसाठी अकरा वर्षं थांबावं लागलं. तुम्ही कुणाला भेटलात?"

"जिन्याला," बाई म्हणाल्या आणि कोपऱ्यातली रिकामी खुर्ची पाहून तिच्यात बसल्या. पाय भरून आले होते.

तेवढ्यात वरच्या खोलीतल्या पाचही चित्रकर्त्या खाली उतरल्या. अभिनंदन वगैरे झालं. त्यांतली सगळ्यांत वयस्कर, फुलपाखरांची नाजूक चित्रं काढणारी, बाईंच्या कानाशी वाकली.

"तो सुतार तुझाच ना गं? त्याचा नंबर दे."