जगूनाना फोनवर सायकल चालवतात

आमच्या टॉवरच्या लिफ्टमध्ये वजन जास्त झालं की ती केकाटते. मग आतले सगळे छताकडे बघतात आणि जगूनाना बाहेर पडतात. नाना सगळ्यांच्या आधी चढलेले असोत, मागून पाच पोरं क्रिकेटच्या किटसकट घुसलेली असोत, आवाज झाला की "मी उतरतंय, तुमी जावा" म्हणत ते वाट काढायला लागतात. एकदा लिफ्टच बिघडली होती. आत आम्ही दोघंच, तरी ती केकाटली आणि तरी नाना उतरले. ते उतरल्यावरही आवाज थांबेना, तेव्हा त्यांचा चेहरा असा उजळला की आता पेढे वाटतात की काय!

"बघितलंस, रेखा? मी नाय!"

जगन्नाथ परब, गोदीतले रिटायर्ड फिटर. वय सत्तरीच्या पुढे. नायगावच्या बीडीडी चाळीत आमच्या समोरच्या खोलीत राहायचे. चाळी पाडून टॉवर उभा राहिला तरी आमचा शेजार सुटला नाही. फरक इतकाच, की आता आम्ही बाविसाव्या मजल्यावर समोरासमोर आहोत. नानी चाळीतच गेल्या. मुलगा पुण्याला असतो.

चाळीतले नाना म्हणजे काठीवर वाळत घातलेला शर्ट. त्यांचं सगळं सायकलवर. दळण सायकलवर, मासळी सायकलवर, दादरची भाजी सायकलवर. खांबाला टेकवलेली सायकल घ्यायची, टांग मारायची आणि सुटायचं. ती सायकल आता आमच्या पॅसेजमध्ये साखळीने बांधलेली असते. तिला खाली न्यायची तर सामानाची लिफ्ट लागते आणि ती लिफ्ट बहुधा बंद असते. खालच्या पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या मजल्यांवर, फक्त मोटारी. फाटकाबाहेर रस्ता खणलेला, दोन्ही कडांना गाड्या लावलेल्या, मधे डंपर, आणि उरलेल्या फटीतून उलट्या दिशेने सुसाट येणारे मोटरसायकलवाले. नानांनी पहिल्या वर्षी दोन-चारदा प्रयत्न केला. मग सोडला. आणि काठीवरचा शर्ट हळूहळू भरत गेला.

याची नानांना इतकी लाज, की विचारू नका. समोरून कुणी बाई आली की ते श्वास ओढून पोट आत घेतात आणि तशाच अवस्थेत "काय गो, बरी?" असं विचारतात. आपण उत्तर देईपर्यंत श्वास पुरत नाही, म्हणून उत्तर न ऐकताच निघून जातात. नव्या बायकांना वाटतं, म्हातारा शिष्ट आहे. डॉक्टरकडच्या काट्यावर त्यांचा विश्वास नाही, वाण्याच्या नाही, औषधवाल्याच्या तर मुळीच नाही. "माजा वजन वाडला नाय गो. हे काटे सगळे टॉवरवाल्यांक मिळालेले."

डॉक्टर म्हणाले, "आजोबा, रोज सायकल चालवत जा."

नाना म्हणाले, "खंय?"

डॉक्टरांकडे या 'कुठे'ला गोळी नव्हती.

मीच मग त्यांना टॉवरच्या जिममध्ये घेऊन गेले. तिथे एका जागी उभी असलेली सायकल आहे. नानांनी तिच्याभोवती एक फेरी मारली, चाक शोधलं. "ही खंय जाता?" मी म्हटलं, कुठेच नाही. "मग माका खंय नेतली?" तरी बसले असते बिचारे. पण तिन्ही भिंतींना आरसे. प्रत्येक आरशात एकेक जगूनाना, पोट आत घेऊन उभे. घाम पुसत म्हणाले, "चल गो, हयसर गर्दी जास्त हा."

एका संध्याकाळी दाराबाहेर सायकलची घंटी वाजली. बाविसाव्या मजल्यावर! मी दार उघडलं. नाना बांधलेल्या सायकलशेजारी उभे, कानाला फोन. "परळच्या नाक्यावर इलंय बघ. एक गाडीवालो आडवो येता... थांब, तेका घंटी मारतंय." आणि त्यांनी फोन घंटीजवळ धरून दोनदा वाजवली. मग जरा धापा टाकल्या. त्या मात्र खऱ्या होत्या.

वळले तर समोर मी.

त्यांचा चेहरा पडला. चोरी करताना पकडलेल्या माणसाचा पडतो तसा. फोन बंद केला आणि सायकलच्या सीटवरची नसलेली धूळ पुसत राहिले. मग म्हणाले, "भिकाजी हा."

भिकाजी पवार त्यांचे गोदीतले सोबती. इतकी वर्षं दोघं जोडीने सायकलवरून कामाला गेले. चाळ सुटल्यावर भिकाजी लेकीकडे शीव कोळीवाड्याला राहायला गेले आणि तिथे त्यांना लकवा झाला, डावी बाजू गेली. तेव्हापासून ते रोज फोनवर विचारायचे, आज कुठे जाऊन आलास? पहिल्यांदा नानांना खरं सांगायची लाज वाटली. मग रोजच वाटायला लागली.

"त्यांना भेटायला नाही गेलात?"

"कसो जाव? तेका वाटता मी अजून तसोच आसंय." त्यांनी पोटाकडे पाहिलंसुद्धा नाही, पण मला कळलं. लाज त्यांनाच नाही, मलाही वाटली. रस्ता अडवणारे आम्ही सगळे. माझीही गाडी त्या फाटकाबाहेरच उभी असते.

पुढच्या महिन्यात भिकाजींच्या लेकीचा फोन आला. बाबा जेवत नाहीत, नुसतं जगूला बोलव म्हणतात. नानांनी माझं दार वाजवलं. इस्त्रीचा शर्ट, पँटच्या पायाला सायकलची क्लिप. "तू येशील गो?" माझी गाडी डंपरमागे अडकलेली, म्हणून टॅक्सी केली. लेकीच्या बिल्डिंगच्या अलीकडेच टॅक्सी थांबवायला लावली आणि तिथून चालत गेले.

भिकाजी पलंगावर होते. गळ्यापर्यंत चादर ओढलेली, भर उकाड्यात. चादरीखाली माणूस आहे की नाही, असा प्रश्न पडावा इतके वाळले होते. नाना श्वास ओढून दारात उभे राहिले. दोघंही एकमेकांकडे बघत होते आणि दोघंही स्वतःला लपवत होते.

नानांचा श्वास संपला. पोट बाहेर आलं.

"जाडो झालंस," भिकाजी म्हणाले. बोलणं जड झालं होतं.

"तू खंय गेलंस सगळो?" नाना म्हणाले आणि पलंगाशेजारच्या बुटक्या स्टुलावर बसले.

"सायकल खंय लावलंस?"

नाना वाकले. पायाची क्लिप काढून हातात फिरवत राहिले. मग म्हणाले, "टॅक्सीन इलंय, भिकाजी. सायकल कदीच बंद झाली. मी तुका सगळा खोटा सांगी होतंय."

"माका म्हायत होता. हिंदमाताच्या नाक्यार कमरेएवडा पाणी भरला, टीव्हीवर दाखवत होते. आनि तू सांगतंस, रस्तो मोकळो, मस्त वारो."

"मग बोललंस नाय कित्या?"

"बोललो असतंय तर तू फोन बंद केलं असतंस."

लेक चहा आणायला म्हणून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. भिकाजींनी एका हाताने चादर हळूहळू खाली सरकवली. पेजेची वाटी आली तेव्हा नानांनीच चमचा धरला. वाटी संपली. कोण कुठल्या पाळीला होता, कुणाची चेन कुठे तुटली, असं काय काय चाललं होतं. मी खिडकीपाशी उभी होते, दोघांच्या हिशेबी नव्हतेच.

निघताना नानांना त्या स्टुलावरून उठता येईना. एकदा झोक घेतला, पुन्हा बसले. कान लाल झाले. मी पुढे झाले तशी त्यांनी मला मानेनेच थांबवलं.

भिकाजींनी उजवा हात पुढे केला. तो चांगला हात, पण अशक्तपणाने त्यानेही धड पेला उचलवत नव्हता.

नानांनी तो धरला. जोर सगळा गुडघ्यांवर दिला, कण्हत, स्टूल मागे पाडत उठले, पण हात सोडला नाही.

"बघ," भिकाजी लेकीला म्हणाले, "मी उठवलंय तेका."

"होय तर," नाना म्हणाले. "उद्या पन तुकाच उठवूचा लागतला."