सत्तर कागदांचा पुडा

"महिन्याचं काम? मी आठवड्यात उडवतो!" अंकुश गावच्या पोरांना असं ठणकावून आला होता. विद्यापीठाच्या अभिलेखागारातली इंटर्नशिप हो! तिचं प्रमाणपत्र नाही, तर बी.ए.ची डिग्रीही नाही. आणि घरात डिग्रीपर्यंत पोचलेला तो पहिलाच गडी!

पहिल्याच दिवशी मंजुषा मॅडमनी त्याला जुन्या फायलींच्या कपाटापाशी उभं केलं. "दोऱ्या सडल्या आहेत. सगळं नीट बांधून ठेव," एवढं सांगून बाई मीटिंगला गेल्या.

बांधायचं? अहो, तेंदूच्या हंगामात बिडीच्या पानांचे सत्तर-सत्तरचे पुडे अंकुशएवढे गावात कोणी बांधून दाखवावेत! त्यानं बाह्या सारल्या, सडक्या दोऱ्या तोडल्या अन् सगळ्या फायलींतल्या कागदांचा एकच ढीग केला. सत्तर मोजले, बांधले. सत्तर मोजले, बांधले. पस्तीस उलटे, पस्तीस सुलटे, सगळे एका मापाचे. पानं मोजून घेणारा मुन्शीही खोट काढणार नाही! फाटके, डागाळलेले बाजूला, कारण तसला माल मुन्शी घेतच नाही. वर पुडे उन्हात वाळायला नकोत का? तेही गच्चीवर रांगेनं लावले.

शिपाई देवाजी चहा घेऊन आला तो दारातच थबकला.

"काय करून राह्यला बे?"

"पुडे बांधून राह्यलो, भाऊ!"

"मॅडमले इचारलं का?"

"नाई! सरप्राईज हाये!"

चार वाजता मॅडम आल्या. कपाट रिकामं!

"फायली कुठे आहेत?"

"गच्चीवर, मॅडम. सत्तेचाळीस पुडे झाले!"

बाई गच्चीवर जाऊन आल्या अन् मटकन खुर्चीत बसल्या. "अरे, कोणत्या फायलीतला कोणता कागद, कसं कळणार आता? आणि फाटके?"

"ते कचरागाडीत देले, मॅडम."

"तेच सगळ्यात जुने होते रे!"

अंकुशनं कपाळावर हात मारला. गेली डिग्री! आईनं अख्ख्या गावाला सांगून ठेवलंय, आता कोणत्या तोंडानं घरी जायचं? त्याला रडूच फुटलं.

"मले काढून टाका, मॅडम."

"काढून टाकू? कोणता कागद कुठला, हे आता तुझ्याशिवाय जगात कोणाला ठाऊक आहे? सगळं परत लाव, मगच सही करीन. आठवतं ना?"

"हो मॅडम! सगळं आठवते!"

आता तुम्हाला म्हणून सांगतो, दिवसभरात त्यानं एका कागदावरचं एक अक्षर वाचलं असेल, तर शपथ!