डाव्या हाताची रील

"इस उमर में रील?" हसीनाबीने चहाचा कप जमिनीवर ठेवला आणि नवऱ्याकडे टक लावून पाहिलं. "नाचोगे क्या?"

"अरे, वो मोबाइलवाली नही. मछली पकडने की," नूर महंमद म्हणाला आणि पिशवी काखेत मारून धुळ्याच्या बसला निघाला.

रील त्याच्यासाठी नव्हतीच. एरंडोलला गेली चाळीस वर्षं शिलाई मशीन दुरुस्त करणारा नूर महंमद साधा गळ टाकून बसणारा माणूस होता. रीलवाले होते उखर्डू नाना. एसटीचे निवृत्त ड्रायव्हर, दर रविवारी अंजनी धरणावरचे त्याचे सोबती. आठ महिन्यांपूर्वी नानांना अर्धांगवायूचा झटका आला. पाय बऱ्यापैकी सावरले, एक हात मात्र लुळा राहिला. डॉक्टर म्हणाले, चाला, फिरा. नाना म्हणाले, "कसाले?" आणि खाटेवर बसून राहिले. त्यांची जुनी रीलही तेवढ्या काळात कोपऱ्यात गंजून घट्ट बसली. शेवटी पिठाच्या गिरणीवाल्या अभिमनने आणि नूर महंमदने ठरवलं की नानांना कळू न देता नवी रील आणायची, त्यांच्या हातात द्यायची आणि म्हणायचं, चाला आता. निवड नूर महंमदने करायची, कारण यंत्राची पारख गावात त्याच्याइतकी कुणाला नव्हती. हे गावाचं मत होतं आणि त्याचंही.

धुळ्यात मासेमारीच्या सामानाच्या दुकानात हितेंद्र नावाचा तरुण मालक बसला होता. त्याने एक चकचकीत खोकं पुढे केलं. "काका, ही घ्या. बारा बेअरिंगची आहे."

नूर महंमदने रील कानाशी धरून हँडल फिरवलं. डोळे मिटले. मग खिशातून बारीक पेचकस काढला, आणि हितेंद्र "अहो, अहो" म्हणेपर्यंत रीलचं झाकण काउंटरवर आलं होतं.

"एक, दोन, तीन, चार," त्याने मोजलं आणि आपल्या अहिराणीत विचारलं, "बाकीचे आठ कोठे शेत?"

हितेंद्रने खोक्याकडे पाहिलं.

"त्या खोक्यावर छापेल शेत," नूर महंमद म्हणाला. "आनि हाई देख. दात प्लास्टिकना. तीन रविवार चालतीन, चवथाले मासा जाई आनि दात बी जाई. सस्ती तीनदा घेवापेक्षा धड एकदाच घेवो. पितळी दातनी काढ."

तासाभरात काउंटरवर पाच रील उघड्या पडल्या होत्या आणि दुकानात आलेली दोन गिऱ्हाइकं खरेदी विसरून बघत उभी होती. सहावी रील दिसायला साधी होती, काळपट, पण अंग धातूचं, आतले दात पितळी. ब्रेकचं चाक आवळलं की दोरा जागच्या जागी थांबे आणि सैल केलं की तुपासारखा सुटे. नूर महंमदने झाकण बसवलं, कान लावला आणि मान डोलावली.

"हाई. पन हिना दांडा उजवीकडे शे. माले डावा हातनी पायजे. माणूसना एक हात कमजोर शे."

"तशीच अजून एक आहे, तिचा डावीकडे आहे," हितेंद्रने कपाटातून दुसरी काढली. "पण काका, ते हँडल ना..."

"बेटा, चाळीस वरीस मशीन उघाडी राहिनू मी. हँडल माले नको शिकाडू."

हितेंद्रने उघडलेलं तोंड मिटलं. नूर महंमदने डावी रील उचलली आणि तिथेच थबकला. नानांचा कोणता हात कमजोर होता?

आठ महिने तो दर संध्याकाळी नानांच्या खाटेसमोर बसत आला होता. हात त्याच्या डोळ्यांपुढे होता. पण समोर बसलेल्या माणसाचा डावा म्हणजे आपला उजवा, की आपण मनात आधीच उलटा करून घेतलेला? त्याने हितेंद्रला स्टुलावर बसवलं.

"तू नाना. हालू नको." तो समोर उभा राहिला. "हात खिडकीकडे व्हता. म्हंजे हाऊ." मग चेहरा पडला. "पन दिवाळीले त्यासनी खाट फिरावी."

त्याने अभिमनला फोन लावला. गिरणीच्या घरघरीतून अभिमन ओरडला, "डावा! पक्का डावा!"

"तुना डावा का त्याना डावा?"

"मना डावा," अभिमन म्हणाला. "मी समोर बसस ना."

"म्हंजे त्याना उजवा."

"नही भो... मी बाजूले बी बसस कव्हय कव्हय."

नानांना विचारणं शक्यच नव्हतं. राहिल्या त्यांच्या पत्नी, धुरपदाबाई. त्यांना एका कानाने ऐकू येत नसे आणि फोन त्या नेमक्या त्याच कानाला लावत. नूर महंमदने फोन केला तेव्हा दुकानाबाहेर एक ट्रक हॉर्न देत उभा होता.

"वहिनी, नानाले सांगू नका! हात कोनता शे? हात!"

"कोना हात?"

"कमजोर हात! डावा का उजवा? मी धुयाले शे!"

"हाय वो माय! नूरभाऊ, तुमना हात मोडना?"

"मना नही! मी म्हनस..." आणि फोन बंद पडला. बॅटरी संपली होती. नूर महंमदने काळ्या पडद्याकडे पाहिलं, मग दोन्ही रीलकडे. "दोन्ही बांध," तो म्हणाला. हितेंद्रने पुन्हा तोंड उघडलं, पेचकसाकडे पाहिलं आणि मुकाट्याने दोन्ही बांधल्या.

बस पारोळ्याच्या अलीकडे पंक्चर झाली. तेवढ्या वेळात बातमीची चाकं मात्र धड होती. धुरपदाबाईंनी शेजारणीला सांगितलं की नूरभाऊंचा धुळ्यात हात मोडला, आणि नानाले सांगू नका म्हणत होते, म्हणजे जास्तच लागलं असणार. शेजारणीने हसीनाबीला कळवताना वर अपघात जोडला. हसीनाबीने परत परत फोन लावला आणि तो बंदच येत राहिला, तेव्हा तिने शिंदखेड्याला नणंदेला कळवलं. नणंदेपर्यंत एका हाताचे दोन झाले होते आणि बस उलटली होती.

रिक्षा घराच्या गल्लीत वळली तेव्हा नूर महंमदला दारात पन्नासेक माणसं दिसली. हसीनाबीला काही झालं की काय? तो दोन्ही हातांत दोन पिशव्या घेऊन धावत सुटला. गर्दी मागे वळली आणि सगळ्यांची नजर त्याच्या हातांवर खिळली.

"दोन्ही धड शेत," कुणीतरी म्हणालं. आवाजात थोडी निराशाच होती.

हसीनाबी पुढे आली. तिने त्याचे दोन्ही हात खांद्यापासून बोटांपर्यंत चाचपून पाहिले, मग एका हातावर सणसणीत चापट मारली आणि पदरात तोंड लपवून रडायला लागली. धुरपदाबाई हळदीच्या दुधाचा पेला घेऊन उभ्या होत्या. आणलंच आहे तर प्या, असं म्हणून तो त्यांनी त्याला प्यायला लावला.

पेला रिकामा करताना त्याचं लक्ष अंगणातल्या खुर्चीकडे गेलं. खुर्चीत उखर्डू नाना बसले होते. शर्टाची एक गुंडी चुकलेली, पायांत दोन वेगवेगळ्या चपला, कपाळावर घाम.

"नाना! तुम्ही? कसा उनात?"

"चालत," नाना म्हणाले. "रिक्षा भेटनी नही. ह्या म्हने, नूर्‍याना हात मोडना. मंग काय खाटवर बशी ऱ्हाऊ?"

आठ महिने उंबरा न ओलांडलेला माणूस अर्धं गाव चालून आला होता. नूर महंमद नानांच्या खुर्चीला वळसा घालून मागे गेला, त्यांच्याच दिशेला तोंड करून उभा राहिला आणि त्यांच्या मांडीवरच्या लुळ्या हाताकडे वाकून पाहिलं.

"उजवा!" तो ओरडला. "कमजोर उजवा शे! म्हंजे डावी रील!"

गर्दीला वाटलं, मार डोक्याला लागलाय.

त्याने डाव्या हँडलची रील काढून नानांच्या मांडीवर ठेवली. पितळी दातांपासून ब्रेकपर्यंत सगळं समजावून सांगितलं. नानांनी डाव्या हाताने हँडल फिरवलं. एकदा, दोनदा. त्यांच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांनी रविवार उगवला.

"आनि त्या पिशवीमा काय शे?"

"तशीच. उजवा हातनी. याद येत नव्हतं, म्हनीसन दोन्ही लई उनू."

नानांनी दुसरी रील मागून घेतली, दोन गुडघ्यांमध्ये धरली, डाव्या हाताच्या दोन बोटांनी हँडलच्या विरुद्ध बाजूच्या भोकावरची टोपी फिरवली. ती निघाली. हँडल उलटं फिरवलं. ते निघालं. नानांनी ते दुसऱ्या बाजूने घातलं, टोपी उरलेल्या भोकावर बसवली आणि डाव्या हँडलची झालेली रील नूर महंमदच्या हातात दिली.

नूर महंमदला हितेंद्रचं दोनदा उघडून मिटलेलं तोंड आठवलं.

"हाई तुमले कोनी शिकाडं?"

"शिकाडाले काय शे त्यामा? जुनी रील बी तशीच व्हती. तू शेजारे बशीसन काय देखे रे इतला वरीस?"

"गळ," नूर महंमद बारीक आवाजात म्हणाला.

रविवारी तिघेही धरणावर गेले. अभिमनने दुबेळकं, बेचक्यासारखं लाकूड रोवून नानांची काठी त्यावर टेकवली. दोन तासांनी दोरा ताणला गेला, नानांनी ओठ दातांखाली दाबून एका हाताने रील फिरवली आणि वीतभर मासा काठावर आणला. अभिमनने तो पाण्यात सोडून द्यायला सुचवलं, तर नाना म्हणाले, "धुरपदाले दखाडाना शे," आणि त्यांनी तो रुमालात गुंडाळून स्वतः घरी नेला.

पण बातमी अजून फिरतच होती. सोमवारी शिंदखेड्याहून बहिणीचं अख्खं कुटुंब आलं. मंगळवारी सोनगीरहून व्याही आले. नूर महंमद प्रत्येकाला रील, फोन, बॅटरी, ट्रक असं पहिल्यापासून सांगायचा, आणि लांबून आलेली माणसं शेवटी जराशी हिरमुसूनच चहा प्यायची. बुधवारी सकाळी हसीनाबीने पट्टीचं भेंडोळं आणून त्याच्यासमोर टाकलं. "बांध लो. बोलने से आसान है."

नूर महंमदने उजव्या हाताला पट्टी बांधली आणि दुकानात बसला. खरंच सोपं गेलं. लोक यायचे, चुकचुकायचे, समाधानाने निघून जायचे.

दुपारी यावलकडचा सुपडू केळीवाला आला. त्याच्या घरचं मशीन नूर महंमदनेच दोनदा नीट केलं होतं. त्याने केळीची फणी टेबलावर ठेवली, पट्टीकडे पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"मिस्तरी, पन आमी त डावा आयकला व्हता."

नूर महंमदने पट्टी सोडली आणि डाव्या हाताला गुंडाळायला घेतली.